शर्यतीची गाडी अन् वावरातली गाडी

शंकरपटात पळून आलेला बैल मालक तसाच दावणीला बांधत नाही. त्याला थोडे फिरवतो, अंग पुसतो, खूर पाहतो आणि मग वैरण टाकतो. मोटारसायकलच्या शर्यतीतही असाच रिवाज आहे. खड्डे, उंचवटे आणि चिखलाच्या कच्च्या मार्गावर मोटारसायकली पळवतात, त्या शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात. इंग्लंडमध्ये १९२४ साली झालेल्या शर्यतीपासून या खेळाची सुरुवात मानतात. मैदानात माती टाकून मार्ग तयार केला की त्यालाच सुपरक्रॉस म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात अशी मोठी शर्यत झाली. शर्यत संपली की ही गाडी आधी धुतली जाते, उघडली जाते, तपासली जाते.

आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला याच्याशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. पण विचार करा. भोकरदन-जाफराबादचा माळ असो की घनसावंगी-परतूरकडचे काळे रान, आपली गाडी रोज कच्च्या वाटेनेच जाते. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात चिखल. वर मागे खताची गोणी, नाहीतर दुधाचे कॅन. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांच्या गाड्यांचेही तेच. शर्यतीची गाडी अर्धा तास पळते आणि उघडली जाते. आपली वर्षभर पळते आणि बंद पडल्यावरच मिस्त्रीकडे जाते. फरक एवढाच, आणि खर्च वाढतो तो इथेच.

किलोमीटर नव्हे, तास

मोटोक्रॉसच्या गाडीला दिवा नसतो, नंबर प्लेट नसते. ती सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नसतेच. वजन साधारण १०० ते ११० किलो. तिची देखभाल किलोमीटरवर नव्हे, इंजिन किती तास चालले यावर ठरते. ऑईल थोड्याच तासांत बदलतात, पिस्टनसुद्धा तास मोजून बदलतात. यात आपल्याला नवीन काही नाही. ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग आपण तासांवरच करतो. कारण नांगरताना ट्रॅक्टर फार लांब जात नाही, पण इंजिन मात्र राबत असते.

पाणंदीत मोटारसायकलचेही तसेच होते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ओझे घेऊन, क्लच दाबत गाडी चालते. मीटरवर किलोमीटर कमी पडतात, झीज मात्र जास्त होते. म्हणून डांबरी रस्त्याचा हिशोब वावरातल्या गाडीला लावू नये. धुळीत चालणाऱ्या गाडीची तपासणी लवकर करावी, असे कंपनीच्या पुस्तकातही लिहिलेले असते. ते पुस्तक मात्र बहुतेकांच्या घरी कपाटात पडलेले असते.

फिल्टर म्हणजे गाडीचे नाक

शर्यतवाले सर्वात जास्त जपतात तो एअर फिल्टर. त्यांच्या गाडीत फोमचा फिल्टर असतो. प्रत्येक वेळी तो धुऊन, वाळवून, तेल लावून बसवतात. बारीक माती इंजिनात शिरली की ऑईलमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखे काम करते. रिंगा आणि बोर घासला जातो. मग ‘गाडी ऑईल खाते’, ‘पिकअप गेला’ अशी तक्रार सुरू होते. सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला की इंजिन ऑईल जाळते आहे असे समजावे. काळा धूर असेल तर आधी फिल्टर तुंबला आहे का ते पाहावे.

आपल्या गाडीत कोणता फिल्टर आहे हे आधी ओळखावे. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवावा, पिळू नये, हाताने दाबून पाणी काढावे आणि सावलीत पूर्ण वाळवावा. मग थोडे स्वच्छ ऑईल लावून जास्तीचे दाबून काढावे. पेट्रोलने धुऊ नये. त्याने फोम खराब होतो आणि आग लागण्याचा धोका राहतो. कोरड्या कागदाचा असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारावी. तेलकट कागदाचा फिल्टर अनेक गाड्यांत असतो. तो धुवायचाही नाही आणि त्याला हवाही मारायची नाही, सरळ बदलायचा. फिल्टरचे पैसे बोर-पिस्टनच्या कामापुढे काहीच नाहीत. डब्याचे झाकण घट्ट बसले का, हे विसरू नये. फिल्टरच्या पुढच्या नळीत बोट फिरवल्यावर माती लागली, तर कुठूनतरी धूळ आत जाते आहे असे समजावे.

चिखल, पाणी आणि चेन

शर्यतीच्या गाडीचे पुढचे मडगार्ड टायरपासून बरेच उंच असते, चिखल अडकू नये म्हणून. आपल्या गाडीत ती जागा कमी असते. काळा चिखल आत बसला की चाक जाम होते आणि माणूस पडतो. अशा वेळी रेस वाढवू नये, क्लच जळतो. उतरून काठीने चिखल काढावा.

गाडी धुताना फवारणीच्या एचटीपी पंपाची जोराची धार चाकांच्या बेअरिंगवर, वायरिंगवर आणि फिल्टरच्या डब्यावर मारू नये. शर्यतवाले सायलेन्सरच्या तोंडाला बूच लावतात. आपण कापडाचा बोळा लावला तरी चालेल, पण गाडी सुरू करण्याआधी तो काढावा. पाण्यातून आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर जावे, म्हणजे ड्रम कोरडा होतो.

चेनवरचा चिखल न पुसता वरून तेल ओतणे ही आपली जुनी सवय. त्याने माती चिकटते आणि चेन, गरारी दोन्ही झिजतात. आधी पुसावे, मग तेल द्यावे. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, गाडी चालू ठेवून फडक्याने चेन कधीही पुसू नका. फडके ओढले जाते, त्यामागे बोटेही जातात. गाडी बंद करून, स्टँडवर घेऊन, चाक हाताने फिरवावे.

स्पोकच्या चाकांना पान्याने हलके टिचकावून पाहावे. घट्ट स्पोक खणखणतो, ढिला बद्द वाजतो. माठ घेताना आपण हेच करतो.

वही ठेवा

शर्यतवाले प्रत्येक कामाची नोंद ठेवतात. सरकारी जीपला लॉगबुक असते, हे अधिकारी मंडळींना सांगायला नको. तशीच एक वही घरच्या गाडीची ठेवावी. ऑईल कधी बदलले, फिल्टर कधी पाहिला, चेन कधी ताणली. लिहिलेले असले की मिस्त्रीलाही दोष लवकर सापडतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे मळतो, कारण वर्षभराचे ओझे त्याने ओढलेले असते. आज अनेक घरांत ते ओझे मोटारसायकल ओढते. आठवड्यातून अर्धा तास तिला द्यायला काहीच हरकत नाही.