घरचे सोने मोडून संसार किती दिवस?

गोव्याच्या डोंगरांतले लोहखनिज कित्येक दशके जहाजांत भरून परदेशी गेले. पैसा आला, ट्रक आले, बंगले उठले आणि एके दिवशी सारे थांबले. जमिनीखालची संपत्ती कोणाची आणि ती विकून आलेला पैसा कसा वापरावा, हा प्रश्न आता महाराष्ट्रातल्या खाणपट्ट्यांनाही टाळता येणार नाही.

एखाद्या घरात पगार पुरत नाही म्हणून दर महिन्याला आजीच्या दागिन्यांतला एकेक मोडला आणि आलेले पैसे किराणा, कपडे, सणवार यांत उडवले, तर शेजारीपाजारी काही दिवस त्या घराचा थाट पाहून थक्क होतील. पण घरातली शहाणी बाई मनाशी म्हणेल, ‘डबा रिकामा झाला की पुढे काय?’

खनिजाचे अर्थशास्त्र समजायला एवढे पुरेसे आहे. आंबा दर वर्षी फळतो, शेत दर वर्षी पिकते. खाणीतून काढलेला दगड पुन्हा उगवत नाही. म्हणून तो विकून आलेली रक्कम ही कमाई नव्हे, ते मोडलेले भांडवल असते. हा साधा हिशेब विसरला की काय होते, ते गोव्याने अनुभवले आहे.

जुन्या सवलती, नवा बाजार

गोव्यातल्या खाणींच्या सवलती पोर्तुगीज राजवटीत वाटल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना खनिज हवे होते आणि गोव्यात ते डोंगराच्या पोटात, बंदरापासून जवळ होते. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खाणी सुरू झाल्या. खाणीतून ट्रकने धक्क्यावर, तिथून बार्जमधून मांडवी-जुवारीमार्गे मुरगाव बंदरात आणि पुढे जहाजाने परदेशी, असा हा मार्ग ठरून गेला.

1961 साली गोवा मुक्त झाला, तरी सवलती चालूच राहिल्या. 1987 च्या कायद्याने त्यांचे रूपांतर सरकारी भाडेपट्ट्यांत झाले. मालकी बदलली, पण खनिज खणणारी घराणी आणि कंपन्या बहुतांशी त्याच राहिल्या.

खरी धावपळ नव्या शतकात सुरू झाली. गोव्याचे खनिज कमी प्रतीचे असल्याने देशातल्या कारखान्यांना ते फारसे नको असे. चीनला मात्र ते चालत होते. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या सुमारास चीनमध्ये बांधकामांना ऊत आला आणि चांगल्या प्रतीच्या खनिजाचा भाव टनाला 100 डॉलरच्या वर गेला. गोव्याच्या मालाला भाव त्याहून कमी मिळे, पण पूर्वीच्या मानाने तो कितीतरी पट होता.

आणि जनतेच्या तिजोरीत काय पडले? खनिजाच्या मालकीपोटी सरकारला मिळणारी रक्कम म्हणजे स्वामित्वधन. ऑगस्ट 2009 पर्यंत लोहखनिजावर ते टनामागे ठरावीक असे आणि तीस रुपयांच्याही आत असे. भाव गगनाला भिडला तरी आकडा जागचा हलत नव्हता. त्यानंतर ते किमतीच्या 10 टक्के आणि 2014 मध्ये 15 टक्के झाले. कंपन्या प्राप्तिकर व निर्यातशुल्कही भरत होत्या, पण ते जाई केंद्राकडे. थोडक्यात, सोने सर्वांचे. ते मोडण्याचा नफा मात्र थोड्यांचा.

गावाने काय कमावले?

गावांना काहीच मिळाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कर्ज काढून तरुणांनी ट्रक घेतले. गॅरेज, खानावळी, बार्ज दुरुस्ती, अशी कामे वाढली. पक्की घरे झाली, मुले कॉलेजात गेली. ‘खाण अवलंबित’ हा शब्दच गोव्याच्या बोलण्यात रुळला.

पण खर्चाची बाजू कोणत्याही वहीत मांडली गेली नाही. एक टन खनिज काढायला दोन-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. तिचे डोंगर पावसात खाली उतरतात आणि भाताच्या खाचरांवर लाल गाळ साचतो. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की त्यातले पाणी उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरी आटतात. लईराईच्या जत्रेमुळे प्रसिद्ध असलेल्या शिरगावला हे भोगावे लागले. ज्या घरात ट्रक होता, त्याच घरची शेती पडीक झाली. हातात नगद आली आणि कायमचे उत्पन्न देणारी जमीन गेली.

सप्टेंबर 2012 मध्ये न्या. शाह आयोगाचा अहवाल आला. बेकायदा खाणकामामुळे सुमारे 35 हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज त्याने मांडला. राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल 2014 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, भाडेपट्टे नोव्हेंबर 2007 मध्येच संपले होते. त्यानंतरही राज्य सरकारने 88 पट्ट्यांचे नूतनीकरण केले. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने तेही रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या.

ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते चालू राहिले. सरकारला मदतीच्या योजना काढाव्या लागल्या. मधल्या काळात जागतिक भावही कोसळला होता. 2015 अखेर तो टनाला 40 डॉलरच्या आसपास आला. म्हणजे न्यायालयाने बंदी घातली नसती, तरी तेजीवर उभारलेला संसार डळमळलाच असता.

दोन देश, दोन वाटा

पॅसिफिक महासागरातले नाउरू हे चिमुकले बेट फॉस्फेट विकून एके काळी दरडोई उत्पन्नात जगात वरच्या क्रमांकावर होते. पैसा विमाने, हॉटेले आणि परदेशातल्या इमारतींत गेला. फॉस्फेट सरत आले, तेव्हा बेटाचा मधला भाग उजाड झालेला होता आणि तिजोरी रिकामी.

नॉर्वेला 1969 मध्ये समुद्रात मोठा तेलसाठा सापडला. त्या देशाने 1990 मध्ये कायदा करून तेलाच्या पैशाचा निधी उभारला. मुद्दल जपायचे आणि साधारण परताव्याइतकीच रक्कम खर्चायची, असा नियम ठेवला. तेल संपले तरी नातवंडांना उत्पन्न मिळत राहील, हा त्यामागचा विचार.

गोव्याच्या निकालातही हेच बीज आहे. खनिजाच्या विक्रीतला 10 टक्के भाग पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवावा, असे न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले. 2019 च्या राष्ट्रीय खनिज धोरणानेही खनिजे हा सामायिक वारसा असून सरकार त्याचे विश्वस्त आहे, असे मान्य केले.

आता प्रश्न विचारायचा तो हा

2015 पासून मोठ्या खनिजांचे पट्टे लिलावाने देणे बंधनकारक झाले. गोव्यात 2022 मध्ये लिलाव झाले, तेव्हा डिचोलीच्या पट्ट्यासाठी विक्रीमूल्याच्या 63 टक्क्यांहून अधिक वाटा राज्याला देण्याची बोली लागली. सोन्याचे खरे मोल कळायला इतकी वर्षे लागली.

त्याच 2015 च्या दुरुस्तीने खाणजिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद केली. चंद्रपूरचा कोळसा, नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज, गडचिरोलीतील सुरजागडचे लोहखनिज, या सर्व ठिकाणी हा पैसा जमा होतो. त्यातला मोठा हिस्सा खाणग्रस्त गावांच्या पिण्याच्या पाण्यावर, आरोग्यावर आणि शिक्षणावर खर्चायचा आहे.

खाणी बंदच कराव्यात, असे नाही. पोलाद, वीज, घरे सर्वांनाच हवी आहेत. पण खाणपट्ट्यातल्या प्रत्येक कुटुंबाने ग्रामसभेत तीन प्रश्न विचारायला हवेत: यंदा आमच्या जमिनीतून किती माल गेला? त्याचे किती पैसे आमच्या वाट्याला आले? आणि त्यातले किती मुलांसाठी राखले? उत्तर मिळेपर्यंत हे प्रश्न दर ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत. कारण डोंगर एकदाच विकता येतो.