रात्रीसाठी राखलेले ऊन

चंद्रपूर शहराला लागूनच राज्याच्या वीजकंपनीचे सर्वांत मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याच्या उंच धुराड्यांकडे पाठ करून उत्तरेला निघालो, की काही वेळातच ताडोबाचे जंगल सुरू होते. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या या जंगलात आत खोलवर वनरक्षकांच्या संरक्षण कुटी आहेत. दोन-चार माणसे, निजायला बाजा, चूल, पाण्याचे पिंप आणि एक बिनतारी यंत्र. राज्याला वीज पुरवणारे केंद्र इतक्या जवळ असूनही तिची तार अशा कुटीपर्यंत सहसा येत नाही. गडचिरोली जिल्ह्याचा तर दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला. तिकडे पावसाळ्यात नद्या-नाले फुगले, की कित्येक टोल्यांपर्यंत माणूस पोचणे अवघड, मग वादळात पडलेली तार जोडायला कोण पोचणार?

अशा ठिकाणी छपरावर सौर पॅनेल आणि आत एक बॅटरी, ही सोय सर्वांत सुटसुटीत. परदेशांत मोटारीच्या मागे जोडून फिरायचे चाकांवरचे घर असते, त्याच्या छपरावरही हीच जोडी दिसते. दोन्ही ठिकाणी तारेची वीज नाही आणि दोन्ही ठिकाणी दुखणेही एकच. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे सहज टिकते, पण बॅटरी चार-पाच वर्षांत, कधी दोनच वर्षांत, मान टाकते. मग दिवसा पॅनेल उन्हात चमकत राहते आणि रात्री मात्र कुटीत काळोख. हा काळोख साधा नव्हे. मण्यार साप रात्रीच हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. बिनतारी यंत्र बंद पडले, तर मदतीसाठी हाक मारण्याचा मार्गच बंद होतो.

तुम्ही म्हणाल, मग नवी बॅटरी आणावी आणि लावावी, त्यात काय मोठेसे? पण जुनी कशाने मेली हे न पाहता नवी बसवली, तर तीही त्याच दुखण्याने जाते. म्हणून आधी बॅटरीच्या पोटात काय चालते ते पाहू.

शिशाचा मामा तलाव

चंद्रपूर-गडचिरोलीकडे भातशेतीसाठी बांधलेले जुने मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. पावसाचे पाणी ओढ्या-ओहोळांतून तलावात येते, साठते, आणि पाऊस ओढ देतो तेव्हा पाटाने शेतात जाते. सौर पॅनेल हे ओढ्यांचे काम करते, बॅटरी हा तलाव, आणि दिवे म्हणजे शेत.

या तलावात साठते ते मात्र विजेचे पाणी नव्हे. बॅटरी वीज साठवत नाही, ती रासायनिक ऊर्जा साठवते. १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडवले आणि पुन्हापुन्हा भरता येणारा पहिला विद्युत्‌घट तयार केला. आजची शिशाची बॅटरी त्याचीच नात. तिची एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या डायॉक्साइडची. बॅटरी वीज देऊ लागली, की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. भरताना याच्या उलट घडते. अशा एका घटाचा विद्युद्दाब सुमारे २ व्होल्ट असतो. सहा घट एकापुढे एक जोडले, की १२ व्होल्टची बॅटरी होते. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास नुसती ठेवून मोजली तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. अर्धी झाली, की साधारण १२.२ दाखवते. म्हणजे केवळ अर्ध्या व्होल्टाचा फरक, पण जाणत्याला तो पुष्कळ सांगून जातो.

बॅटरी मरते कशाने?

पहिले कारण उपासमार. सल्फेट ताजे असते तोवर बारीक दाण्यांचे असते आणि चार्ज करताना सहज विरघळते. पण बॅटरी दिवसेंदिवस अर्धपोटी राहिली, तर त्या दाण्यांचे कठीण स्फटिक बनतात, ते मग हटत नाहीत. तलावात गाळ साचावा तशी गत होते. तलाव दिसतो तेवढाच, पण पाणी मावते निम्मे.

दुसरे कारण तहान. चार्ज होताना बॅटरीतील थोड्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जाते. झाकणे असलेल्या बॅटरीत वेळोवेळी शुद्ध केलेले बॅटरीचे पाणी घालावे लागते. विहिरीचे किंवा नाल्याचे पाणी घातले, तर त्यातील क्षार पट्ट्यांना बाधतात. पाणी घातलेच नाही, तर पट्ट्या उघड्या पडतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

तिसरे कारण उष्णता. चंद्रपूरचा उन्हाळा प्रसिद्धच आहे. मे महिन्यात पारा ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्याची नोंद येथे अनेकदा झाली आहे. शिशाच्या बॅटरीबाबत एक ढोबळ नियम आहे : सरासरी तापमान दहा अंशांनी वाढले, तर आयुष्य निम्मे होते. २७ अंशांना जी सहा वर्षे चालेल, ती ३७ अंशांना तीनच वर्षे चालेल. म्हणून पत्र्याच्या छपराखाली, उन्हाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली बॅटरी लवकर जाते. तीच कुटीत जमिनीलगत, सावलीत आणि वारा खेळेल अशी ठेवली, तर एक पैसाही खर्च न करता तिचे आयुष्य वाढते.

सागाची सावली

पहिल्या कारणामागे या भागात पुष्कळदा एक झाड असते. साग उन्हाळ्यात पाने टाकतो. एप्रिलमध्ये पॅनेल बसवणाऱ्याला वर मोकळे आकाश दिसते. तो समाधानाने परत जातो. जूनमध्ये पाऊस पडतो, सागाला सुपाएवढी पाने फुटतात आणि जुलैत तेच पॅनेल सावलीत जाते. पॅनेलमधील सौरघट एकापुढे एक साखळीने जोडलेले असतात. त्यामुळे थोड्याच घटांवर सावली पडली, तरी साऱ्या साखळीचा प्रवाह अडतो. पाटात एका जागी दगड पडला, की पुढच्या साऱ्या शेताचे पाणी तुटते, तसेच हे. आधीच ढगाळ दिवस, त्यात ही सावली. बॅटरी महिनाभर अर्धपोटी राहते. दिवाळीपर्यंत लोक म्हणतात, बॅटरी खराब निघाली. खराब निघालेली असते ती पॅनेलची जागा.

हिशेब करून पाहू

आता नवी बॅटरी केवढी हवी ते ठरवू. उदाहरणादाखल एक कुटी घ्या. ५ वॅटचे तीन दिवे रोज ६ तास, म्हणजे ९० वॅट-तास. बिनतारी यंत्र दिवसरात्र ऐकत असते, त्याला ५ वॅट धरले तर २४ तासांत १२० वॅट-तास. त्यावर बोलायला ४० वॅट, दिवसात अर्धा तास, म्हणजे २०. मोबाइलसाठी १०. एकूण २४० वॅट-तास. याला १२ व्होल्टने भागले, की २० अँपिअर-तास.

पावसाळ्यात तीन दिवस सूर्य दिसलाच नाही तरी काम चालावे, म्हणून ६० अँपिअर-तास धरू. शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक उपसू नये, तशी उपसली तर ती लवकर झिजते. तेव्हा घ्यावी लागेल १२० अँपिअर-तासांची.

पण थांबा, हिशेब इथे संपत नाही. वापरलेले २४० वॅट-तास भरून काढायला, वाटेत होणारी घट धरून, पॅनेलकडून सुमारे ३४० वॅट-तास हवेत. १०० वॅटचे पॅनेल साडेचार तासांच्या चांगल्या उन्हात ४५० देईल. रोजचा खर्च जाऊन शिल्लक उरले ११०. तीन काळोखे दिवस गेल्यावर बॅटरीची भूक आहे सुमारे १००० वॅट-तासांची. रोज ११० प्रमाणे ती भागायला नऊ दिवस लागतील, आणि पावसाळ्यात सलग नऊ दिवस ऊन मिळणार कुठून? तेच पॅनेल २०० वॅटचे असेल, तर रोज ५६० शिल्लक राहतील आणि बॅटरी दोन दिवसांत भरेल.

पाहा, "दिवे लवकर जातात, तर मोठी बॅटरी लावा" हा सल्ला किती फसवा आहे! ओढे तेवढेच ठेवून तलाव दुप्पट खोदला, तर पाणी दुप्पट होत नाही. बॅटरी बदलायला निघालेल्या माणसाने आधी छपराकडे पाहावे ते यासाठी.

शिसे की लिथियम?

अलीकडे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या मिळू लागल्या आहेत. हा पदार्थ बॅटरीत वापरता येतो, हे जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी अक्षय पाढी यांनी अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात १९९७ मध्ये दाखवले. लिथियम बॅटऱ्यांवरील कार्यासाठी गुडइनफ यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक आणखी दोघांसमवेत मिळाले, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

ही बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत उपसली तरी चालते. म्हणजे आपल्या कुटीला १२० ऐवजी ७५ अँपिअर-तास पुरतील. अर्धपोटी राहिली तरी तिच्यात सल्फेटचा गाळ बसत नाही. पाणी घालावे लागत नाही. शिशाची १२० अँपिअर-तासांची बॅटरी चाळीस किलोच्या आसपास भरते, ही दहा-बारा किलोंतच होते. नाला ओलांडून बॅटरी खांद्यावर न्यायची असेल, तर हा फरक फार मोठा.

पण तिची किंमत जास्त. शिवाय तिला शिशाच्या बॅटरीची सवय लावून चालत नाही. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर असतो, तो किती व्होल्टला चार्जिंग थांबवायचे हे ठरवतो. शिशासाठी लावलेला कंट्रोलर लिथियमला जसाच्या तसा चालेलच असे नाही. तो बदलावा किंवा त्याची मांडणी बदलावी लागते. अतिउष्णता तर हिलाही सोसत नाही. तेव्हा सावलीचा नियम दोघींना सारखाच.

बदलण्याचा क्रम

हे काम जाणत्या माणसाचे आहे, तुम्ही ते पाहावे, करू नये. तो प्रथम पॅनेलची जोडणी सोडवतो, मग दिव्यांची आणि शेवटी बॅटरीची. नवी लावताना आधी बॅटरी कंट्रोलरला जोडतो आणि मगच पॅनेल. बारा व्होल्टचे म्हणवणारे पॅनेल मोकळे असताना वीसहून अधिक व्होल्ट देते, आणि बॅटरी नसलेल्या कंट्रोलरला तो दाब सोसेलच असे नाही. हातातील अंगठी आणि कडे तो आधी काढून ठेवतो, कारण दोन टर्मिनलांवर धातू आडवा पडला तर क्षणात लाल होतो. जवळ विडी-काडी पेटवू देत नाही, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन स्फोटक असतो. दोन बॅटऱ्या एकत्र असतील, तर एक जुनी आणि एक नवी अशी जोडी तो लावत नाही. जुनी स्वतः भरत नाही आणि नवीलाही उपसत राहते.

बॅटरी नकोच असेल तर?

ताडोबातील अनेक पाणवठ्यांवर सौरपंप आहेत. दिवसा ऊन असते तोवर पंप पाणी उपसतो, रात्री वाघ-सांबर ते पितात. रात्री पंप चालण्याची गरजच नसते. तेथे पाणवठा हीच बॅटरी, आणि ती कधी बदलावी लागत नाही.

शेताभोवतीच्या सौर कुंपणाचे मात्र तसे नाही. रानडुकरे येतात रात्री, म्हणून त्याला बॅटरी हवीच. हे कुंपण सेकंदाला एकदा, अगदी क्षणभर, काही हजार व्होल्टचा झटका देते. झटका इतका थोडा वेळ असतो, की जनावर दचकून पळते, मरत नाही. बॅटरी मेली, की कुंपण म्हणजे नुसती तार. मग पीक वाचवायला कोणी तारेत घरची वीज सोडतो, आणि त्या तारेला वाघ चिकटतो, कधी माणूसही. असे अपघात या भागात घडले आहेत. वेळेवर न बदललेल्या बॅटरीची किंमत कुठवर जाते पाहा.

जुनीचे काय करायचे?

मेलेल्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. ते वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत वापरता येते. पण ती नाल्याकाठी फोडली, तर आम्ल पाण्यात जाते आणि शिसे मातीत मिसळते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, आणि तो भरून येत नाही. म्हणून जुनी बॅटरी विकणाऱ्याकडेच परत द्यावी. २००१ च्या नियमांनी आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या नियमांनी ती परत घेण्याची व्यवस्था घालून दिली आहे. तेव्हा नवी बॅटरी जंगलात नेणाऱ्याने येताना जुनी सोबत आणावी. ओझे तेवढेच, फक्त वाट उलटी.

करून पाहा

तुमच्या घरी किंवा शाळेत इन्व्हर्टर असेल, तर वडीलधाऱ्यांच्या देखत त्याच्या बॅटरीवरील अँपिअर-तासांचा आकडा आणि बसवल्याची तारीख पाहा. त्यावर कोणकोणते दिवे आणि पंखे चालतात, त्यांचे वॅट लिहून काढा. वरीलप्रमाणे गणित करून सांगा : वीज गेली, तर अर्धी बॅटरी उपसेपर्यंत किती तास निघतील? आणि छपरावर सौर पॅनेल असेल, तर त्याच्यावर सावली केव्हा पडते ते एकदा उन्हाळ्यात आणि एकदा श्रावणात पाहून लिहून ठेवा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, म्हणजे पुढची बॅटरी घेताना घरातल्यांना तुमचाच सल्ला घ्यावा लागेल.