एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला?

एमसीबी वायरिंग वाचवतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो पाहतो. ओल्या हातातून 30 मिलिअँपिअर करंट जमिनीत उतरला, की क्षणार्धात पुरवठा तोडतो. 16 अँपिअरचा एमसीबी एवढ्याने हलतही नाही.

आरसीसीबीवरच्या प्लग-दिव्यांचा न्यूट्रल त्याच आरसीसीबीतून परत न्यावा. बाथरूमच्या दिव्याला दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल जोडला, तर बटण दाबताच आरसीसीबी ट्रिप होतो. अशा वेळी वायरमनला तो ‘बायपास’ करू देऊ नका. चुकलेली जोडणी शोधायला लावा. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला, तर मात्र आरसीसीबी वाचवत नाही. अर्थिंगही हवंच. महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दाबून पाहा. ट्रिप झाला नाही, तर इलेक्ट्रिशियनकडून लगेच तपासून घ्या.