पलीकडून उत्तर येत नाही तेव्हा

२१ ऑक्टोबर २०१८. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गिटहबच्या नेटवर्कमधलं एक बिघडत चाललेलं ऑप्टिकल उपकरण बदलायचं काम चालू होतं. नेहमीचंच काम, पण ते करताना मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. जगभरचे प्रोग्रामर जिथे आपला कोड ठेवतात, ती सेवा त्यानंतर २४ तास ११ मिनिटं अडखळत राहिली.

झालं असं, की देखरेख करणाऱ्या प्रोग्रामने ठरल्याप्रमाणे बहुमत जमवलं आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला मुख्य नेमलं. पूर्वेकडची यंत्रं मात्र जिवंतच होती. त्यांनी थोड्याच वेळापूर्वी घेतलेल्या काही नोंदी पश्चिमेला पोचल्या नव्हत्या. सर्वांत गजबजलेल्यांपैकी एका डेटाबेस क्लस्टरवर अशा ९५४ निघाल्या. दोन किनारे, दोन इतिहास, आणि दोन्ही खरे. बॅकअप होते, पण कित्येक टेराबाइट परत उतरवायला तासच लागतात. सेवा रखडली तरी चालेल, नोंदी हरवता कामा नयेत, असं गिटहबच्या लोकांनी ठरवलं. मला तो निर्णय योग्यच वाटतो.

यंत्र बंद पडणं ही यातली खरी अडचण नव्हेच. उत्तर आलं नाही, तर पलीकडचं यंत्र मेलं, मंदावलं की मधली वाट तुटली, हे अलीकडच्याला कळत नाही. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये हे गणिताने पक्कं केलं: निरोप किती वेळात पोचेल याची काहीच हमी नसेल आणि एखादं यंत्र जरी बंद पडू शकत असेल, तर ठरलेल्या नियमांनी चालणारी कोणतीही पद्धत एकमताची खात्री देऊ शकत नाही. व्यवहारात मग ‘इतका वेळ वाट पाहू, नंतर मेलं असं समजू’ एवढंच हातात उरतं. ते ‘इतका’ म्हणजे किती, यावर अभियंत्यांच्या कितीतरी रात्री गेल्या आहेत.

सगळं एकाच यंत्रावर होतं तेव्हा हा प्रश्न इतका बोचत नव्हता. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांत मांडायची रिलेशनल पद्धत सुचवली. जिम ग्रे यांनी ‘ट्रान्झॅक्शन’ची कल्पना घडवली: व्यवहार पूर्ण होईल किंवा झालाच नाही असं धरलं जाईल, अर्धवट काही नाही. बँकांचे संगणक आजही या दोघांच्या जिवावर चालतात.

पसारा वाढला की काय करायचं, याचं एक देखणं उत्तर आपल्या रेल्वेकडे आहे, आणि त्याचं कौतुक फारसं होत नाही. आरक्षणाची पाच केंद्रं होती: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद. ‘कॉन्सर्ट’ प्रणालीने १९९९ मध्ये ती जोडली. प्रत्येक गाडीची वही मात्र एकाच केंद्राकडे. तिकीट देशात कुठूनही काढा, विचारणा त्या वहीकडेच जाणार. एका बर्थला मालक एकच, मग भांडण कोणाशी? याची किंमतही उघड आहे. ते केंद्र गप्प झालं, की त्याच्या गाड्यांची तिकिटं थांबणार. विकलेली जागा दुसऱ्यांदा विकण्यापेक्षा खिडकी बंद ठेवलेली बरी, हा हिशेब तिथे चोख बसतो.

अ‍ॅमेझॉनचा हिशेब नेमका उलटा. २००७ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी ‘डायनॅमो’ या आपल्या साठवण प्रणालीवर निबंध प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक वस्तू टोपलीत टाकतंय आणि आपण ‘नंतर या’ म्हणतोय, हे त्यांना मंजूर नव्हतं. म्हणून जे यंत्र हाताशी असेल ते नोंद घेणार, तफावत निघाली तर नंतर जुळवणार. त्यात कधी काढून टाकलेली वस्तू टोपलीत पुन्हा उगवते, तेवढं चालवून घ्यायचं. याच निबंधात वेग मोजण्याचा एक शहाणपणा आहे. सरासरीवर विसंबू नका, हजारातल्या ९९९ विनंत्यांना किती वेळ लागला ते पाहा. कारण सर्वांत जुन्या गिऱ्हाइकांची माहिती सर्वांत जास्त, आणि म्हणून नेमकी त्यांचीच पानं रेंगाळतात.

गुगलने तिसरी वाट धरली. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या ‘स्पॅनर’ या डेटाबेसमध्ये व्यवहारांचा क्रम वेळेवरून लावायला अणुघड्याळं आणि जीपीएस आहेत. तिथलं घड्याळ वेळेसोबत आपली चूक किती असू शकते तेही सांगतं, आणि तेवढा काळ थांबूनच व्यवहार पक्का होतो. हा इलाज राजेशाही. छोट्या कंपनीने अशा घड्याळांच्या नादी लागू नये. लिंक्डइनमध्ये जन्मलेल्या ‘काफ्का’ या प्रणालीची वाट वेगळी: घडलेली प्रत्येक गोष्ट ओळीने लिहीत जा, ज्याला हवी त्याने आपल्या सवडीने वाचावी. ती घडवणाऱ्या तिघांतल्या नेहा नारखेडे पुण्यात शिकलेल्या.

आपल्याला हे सगळं रोज भेटतं ते यूपीआयमध्ये. खात्यातून पैसे गेले, दुकानदाराच्या बँकेकडून उत्तर नाही, पडद्यावर ‘पेंडिंग’. इथे घाईने ‘झालं’ किंवा ‘फसलं’ म्हणणं दोन्ही धोक्याचं. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो. त्याच क्रमांकाने पुन्हा विचारणा केली तर पैसे दुसऱ्यांदा कापले जाऊ नयेत, असं बांधकाम करावं लागतं. ‘पेंडिंग’ला आपण वैतागतो, पण तिन्हींत खरं बोलणारा शब्द तोच.

आणि शांततेचा अर्थ कधीकधी माणसंच चुकवतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटहबसारखीच सेवा देणाऱ्या गिटलॅबमध्ये एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअप शोधू गेले, तर रोजचा बॅकअप चुकीच्या आवृत्तीच्या प्रोग्राममुळे तयारच होत नव्हता. तशी सूचना देणाऱ्या ईमेलही निघत होत्या, पण मेल सर्व्हर त्या नाकारत होता. तक्रार येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं सगळे धरून चालले होते. शेवटी कामी आली ती सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत. चाचणीसाठी हवी म्हणून कोणीतरी ती हाताने काढली होती.