पत्ता एकच, जागा निराळ्या
संगणकाच्या स्मृतीतील खरा पत्ता कोण सांभाळतो?

निगडीच्या प्राधिकरण भागात १०१ क्रमांकाची सदनिका किती असतील? जवळजवळ प्रत्येक सोसायटीत एक तरी असेलच. सोसायटीच्या आत ‘१०१ मध्ये द्या’ एवढे सांगितले तरी काम भागते. बाहेरून येणाऱ्या पोस्टमनला मात्र सोसायटीचे नाव, प्लॉट आणि सेक्टर हवा. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झाले. त्याने जमिनी संपादन करून हे सेक्टर पाडले. २०२१ मध्ये प्राधिकरण विलीन झाले, पण सेक्टरचे क्रमांक टिकले. त्याच जमिनीला महसूल दप्तरात पूर्वीपासून आणखी एक क्रमांक आहे, तो म्हणजे सर्व्हे नंबर. म्हणजे जागा एक, पण तिचे पत्ते वेगवेगळे. आणि ‘१०१’ हा पत्ता एक, पण त्याच्या जागा अनेक!

संगणकाच्या स्मृतीतही नेमके असेच घडते. या दोन प्रकारच्या पत्त्यांची सांगड घालण्याचे काम कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, करतो. तो ते कसे करतो, हे आपण पाहू.

भौतिक पत्ता म्हणजे काय?

संगणकाची स्मृती म्हणजे एका रांगेत मांडलेले असंख्य कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक बाइट माहिती मावते आणि प्रत्येकाला शून्यापासून क्रमांक असतो. हा क्रमांक म्हणजे भौतिक पत्ता. आठ गिगाबाइट स्मृतीत असे सुमारे ८५९ कोटी कप्पे असतात.

पूर्वीच्या लहान संगणकांत आज्ञावल्या थेट हेच पत्ते वापरत. इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ मध्ये आला. त्यावर एमएस-डॉस चालत असताना कोणतीही आज्ञावली कोणत्याही कप्प्यात लिहू शके. एखादी आज्ञावली चुकून डॉसच्याच कप्प्यांवर लिहून गेली, तर सारा संगणक ठप्प होई आणि तो बंद करून पुन्हा चालू करावा लागे.

याचे मोठे उदाहरण पुण्यातलेच आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, १९८८ मध्ये पुण्यात सुरू झाले आणि १९९१ मध्ये तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. या प्रोसेसरमध्ये पत्ता बदलून देणारी यंत्रणाच नव्हती. आज्ञावलीने दिलेला पत्ता हाच खरा पत्ता. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची वेगळी स्मृती होती आणि ते एकमेकांना जोडतारांवरून निरोप पाठवीत. एक मोठे गणित अनेकांनी वाटून घ्यायचे असेल, तर अशी साधी रचना वेगवान ठरते. पण एकाच प्रोसेसरवर अनेक लोकांची अनेक कामे चालवायची, तर संरक्षण हवे. १९९८ मध्ये आलेल्या ‘परम १००००’ मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते आणि त्यांत ही यंत्रणा होती.

ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या ‘अ‍ॅटलस’ संगणकात ती १९६२ मध्येच वापरली गेली. इंटेलच्या घराण्यात पानांची पद्धत १९८५ च्या ८०३८६ या प्रोसेसरपासून आली.

पाने आणि चौकटी

आजच्या संगणकात प्रत्येक आज्ञावलीला शून्यापासून सुरू होणारी स्वतःची पत्त्यांची यादी मिळते. या पत्त्यांना आभासी पत्ते म्हणतात. ८५९ कोटी कप्प्यांची एकेक नोंद ठेवणे परवडणार नाही, म्हणून ४०९६ कप्प्यांचे एक ‘पान’ धरतात. खऱ्या स्मृतीचेही तेवढेच तुकडे पाडतात. त्यांना आपण ‘चौकटी’ म्हणू. कोणते पान कोणत्या चौकटीत आहे, याचे कोष्टक कर्नल प्रत्येक आज्ञावलीसाठी वेगळे ठेवतो.

समजा, आज्ञावलीने २०,५०० हा पत्ता मागितला. ४०९६ ने भागल्यास भागाकार ५ आणि बाकी २० येते. म्हणजे पान ५ मधील कप्पा २०. कोष्टकात पान ५ पुढे चौकट ८१२ असेल, तर खरा पत्ता ८१२ × ४०९६ + २० = ३३,२५,९७२. बाकी बदलत नाही, फक्त भागाकार बदलतो. हा हिशेब दर वेळी प्रोसेसरमधील यंत्रणाच करते आणि नुकत्याच पाहिलेल्या नोंदी ती स्वतःजवळ ठेवते. कर्नलचे काम कोष्टक भरण्याचे.

कोष्टकात नोंदच नसेल तर? प्रोसेसर थांबतो आणि सूत्रे कर्नलकडे देतो. पान तात्पुरते डिस्कवर ठेवलेले असेल, तर कर्नल ते एखाद्या रिकाम्या चौकटीत आणतो, नोंद बदलतो आणि काम पुढे चालू होते. जागा बदलल्याचे आज्ञावलीला कळतही नाही. तो पत्ता तिचा नसेलच, तर कर्नल ती आज्ञावली बंद करतो. बाकीची कामे मात्र सुखरूप राहतात.

कर्नलचा स्वतःचा प्रश्न

कोणत्या चौकटी रिकाम्या आहेत हे पाहणाऱ्या कर्नलला तर सारी स्मृती दिसायला हवी. पण त्याचे पत्तेही त्याच यंत्रणेतून जातात. लिनक्सने यावर सोपी युक्ती केली. भौतिक पत्त्यात एक ठरावीक संख्या मिळवली की कर्नलचा पत्ता मिळतो. ३२ बिटांच्या पीसीवर ही संख्या सामान्यतः तीन गिगाबाइट, म्हणजे ३,२२,१२,२५,४७२ असे. या रीतीने ८९६ मेगाबाइटच थेट दिसत. त्यापलीकडच्या स्मृतीसाठी तात्पुरत्या नोंदी कराव्या लागत. ६४ बिटांच्या प्रोसेसरमुळे ही अडचण दूर झाली.

डिस्क किंवा नेटवर्क कार्डासारखी साधने प्रोसेसरला वगळून थेट स्मृतीत माहिती लिहितात. त्यांना आज्ञावलीचे कोष्टक ठाऊक नसते. म्हणून त्यांना चालेल असा पत्ता कर्नललाच द्यावा लागतो. जुन्या पीसीतील काही कार्डांना पहिल्या १६ मेगाबाइटपलीकडचा पत्ता देताच येत नसे. त्यांच्यासाठी कर्नल तेवढा भाग राखून ठेवी.

यंत्रांत बसवलेल्या बहुतेक लहान मायक्रोकंट्रोलरमध्ये मात्र आजही भौतिक पत्तेच वापरतात. विशिष्ट पत्त्यावर संख्या लिहिली की मोटर सुरू होते. तेथे चुकीचा पत्ता म्हणजे चुकीची हालचाल. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

पत्ता गुप्त का ठेवायचा?

स्मृतीच्या चिपमध्ये कप्पे ओळींनी मांडलेले असतात. एकच ओळ अतिवेगाने पुन्हापुन्हा वापरली, तर शेजारच्या ओळीतील एखाद्या शून्याचा एक होऊ शकतो, हे २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. २०१५ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी याच दोषाचा उपयोग करून साध्या आज्ञावलीला कर्नलचे अधिकार मिळवता येतात, हे सिद्ध केले. कोणत्या ओळी शेजारी आहेत हे भौतिक पत्त्यांवरून ओळखता येते. म्हणून त्याच वर्षी लिनक्सने सामान्य आज्ञावल्यांना चौकटींचे क्रमांक दाखवणे बंद केले. आपल्या मोबाइलमध्ये बँकेची आज्ञावली आणि एखादा खेळ एकाच स्मृतीत राहतात. त्यांच्यामधली भिंत म्हणजे हे कोष्टकच होय.

वर्गात करून पाहा

फळ्यावर ० ते ७ अशा आठ चौकटी काढा. प्रत्येकीत दहा कप्पे. दोन विद्यार्थी आज्ञावल्या होतील, तिसरा कर्नल. दोघांना ०, १, २ अशी तीन-तीन पाने द्या. कर्नलने गुपचूप कोष्टके करावीत. पहिल्याचे पान १ चौकट ४ मध्ये असेल, तर त्याचा पत्ता १७ म्हणजे खरा ४७. दुसऱ्याचे पान १ चौकट २ मध्ये असेल, तर त्याचाही पत्ता १७, पण खरा २७. आता कोणी ३५ मागितला तर काय करावे? एखादे पान रिकाम्या चौकटीत हलवले, तर कोष्टकात किती आकडे बदलावे लागतील? उत्तरे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. भागाकार आणि बाकी यांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनाही त्यात उत्तर सापडेल.