आपली शिदोरी

आषाढी वारीच्या दिवसांत देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापूर तालुक्यात प्रवेश करते. बेलवाडीला रिंगण होते, निमगाव केतकी मागे पडते आणि वारकऱ्यांची पावले इंदापूरच्या दिशेने पडू लागतात. या वाटेवरील गावांत वारकऱ्यांना जेवू घालणे हे पुण्याचे काम मानतात. घरोघरच्या बाया पहाटेपासून भाकऱ्या थापतात; कोणी पिठले शिजविते, कोणी ठेचा कुटते, तर कोणी ताकाच्या घागरी भरून ठेविते. अलीकडे मात्र त्याच रस्त्याच्या कडेला दुसऱ्या प्रकारचे दानही दिसू लागले आहे. बिस्किटांचे पुडे, तिखट वेफर्सच्या पिशव्या आणि गोड पेयांच्या बाटल्या वारकऱ्यांच्या हाती दिल्या जातात. देणाऱ्याच्या मनातील भाव दोन्हीकडे सारखाच असतो; परंतु या दोन अन्नांचा शरीरावर होणारा परिणाम सारखा नसतो. हा भेद समजून घेण्यासारखा आहे.

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुके. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथे येईपर्यंत फारच थोडा उरतो. येथील काळी जमीन मात्र ओल धरून ठेवणारी आहे. त्या ओलीवर रब्बी ज्वारी, म्हणजे आपला शाळू, थंडीच्या दिवसांत डोलू लागतो. हलक्या जमिनीत बाजरी, मटकी आणि हुलगे येतात. जे शेतात पिकते, तेच ताटात येते, असा पूर्वीचा परिपाठ होता. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, तिच्याबरोबर कोरड्यास म्हणून मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे किंवा पिठले. शेंगदाण्याची, जवसाची नाही तर कारळ्याची चटणी. बांधावरून खुडून आणलेली तांदुळजा, घोळ किंवा पाथरीची भाजी आणि शेवटी वाटीभर ताक, हे शेतकऱ्याचे साधे जेवण होते.

हे जेवण साधे असले, तरी त्याची रचना मोठी शहाणपणाची आहे. धान्यातील प्रथिनांत जो घटक कमी असतो, तो कडधान्यांत भरपूर असतो. म्हणून भाकरी आणि उसळ एकत्र आली, की एकीची उणीव दुसरी भरून काढते. पालेभाज्यांतून लोह व जीवनसत्त्वे मिळतात, चटणीतील तेलबियांतून स्निग्धांश मिळतो आणि ताकातून चुना, म्हणजे कॅल्शियम, मिळते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच मैद्यात ते ३ ग्रॅमदेखील भरत नाहीत. हे तंतू पचत नाहीत, पण ते पोट साफ ठेवतात, भूक लवकर लागू देत नाहीत आणि अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरू देतात.

परंतु जुने ते सर्वच सोने होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पाऊस फिरला, की हे ताट रिकामे पडे. १८७६-७७च्या दुष्काळाने दख्खनमध्ये हाहाकार उडविला. १९७२च्या दुष्काळात लोकांनी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीवर आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले. चांगल्या वर्षीही दूध आणि भाजी प्रत्येकाच्या वाट्याला येत होती, असे नाही. तेव्हा पाणी आले, हे फार चांगले झाले. १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि कोरड्या शिवारात ऊस उभा राहिला. १९३०नंतरच्या वर्षांत वालचंदनगरला साखर कारखाना निघाला. पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. १९८०च्या सुमारास भीमेवर उजनीचे धरण झाले आणि इंदापूरच्या बाजूला पाणीच पाणी पसरले. भिगवणच्या बाजारात मासळी आली. डाळिंबाच्या आणि पेरूच्या बागा फुलल्या. अन्नाची ददात मिटली.

मात्र या भरभराटीबरोबर ताटही बदलले. उसाने आणि बागांनी शाळवाची पुष्कळशी जागा घेतली. सबंध महाराष्ट्रातच ज्वारीखालील क्षेत्र १९६०च्या सुमारास जेवढे होते, त्याच्या निम्म्याहूनही खाली आले आहे. स्वस्त धान्य दुकानांतून मुख्यतः गहू व तांदूळ मिळू लागला. मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली, पायवाटेची जागा मोटारसायकलने घेतली आणि अंगमेहनत उणावली. ज्या गावात पूर्वी किराणामालाचे एखादेच दुकान असे, तेथे आता दाराशी रंगीत पिशव्यांच्या माळा लोंबताना दिसतात.

या पिशव्यांत काय असते, ते पाहा. बिस्किटांत बहुधा मैदा, साखर आणि तेल असते. बटाट्याच्या वेफर्समध्ये वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा तेलाचा असतो. वर मीठ असते ते निराळेच. गोड पेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारणपणे २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे, विरघळलेली असते. एवढी साखर कोरडी खा म्हटले, तर आपण तोंड फिरवू. पण थंडगार पाण्यातून ती सहज घशाखाली उतरते. हे पदार्थ जिभेला गोड लागतात आणि फार काळ टिकतात. त्यांच्यात दोष आहे तो एवढाच, की ते भूक मारतात, पण पोषण करीत नाहीत.

आपण खाल्लेल्या अन्नाची साखर होऊन ती रक्तात मिसळते. तिला पेशींपर्यंत पोहोचविण्यासाठी स्वादुपिंड नावाची ग्रंथी इन्सुलिन नावाचा रस तयार करते. अंगात चरबी साठत गेली आणि हालचाल कमी झाली, म्हणजे या रसाचे काम नीट होईनासे होते. मग साखर रक्तातच साचून राहते. यालाच मधुमेह म्हणतात. तो वर्षानुवर्षे गुपचूप राहून डोळे, मूत्रपिंडे व हृदय यांना इजा करतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. पूर्वी हा शहरातील सुखवस्तू लोकांचा रोग मानीत. आता तो खेड्यांतही शिरला आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतील माता आणि बालके यांचा अभ्यास केला. त्यात असे आढळले, की आपल्याकडील बाळे जन्मतः वजनाने हलकी असली, तरी त्यांच्या अंगातील चरबीचे प्रमाण त्या मानाने अधिक असते. म्हणजे वरून सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही मधुमेहाचा धोका असू शकतो. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली. ज्या मातांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध हे पदार्थ वरचेवर होते, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. बांधावरच्या तांदुळज्याची थोरवी यावरून ध्यानात येईल.

उसाच्या प्रदेशात असा बदल घडावा, हे आपल्याकडेच झाले आहे असे नाही. क्रिकेटमुळे वेस्ट इंडीज बेटांची नावे तुमच्या ओळखीची असतील. तेथेही शतकानुशतके उसाचे मळे होते. १८४५ पासून त्रिनिदादच्या मळ्यांवर भारतातील मजूरही नेले गेले. कंदमुळे, नीरफणस, कडधान्ये आणि मासळी हे त्या बेटांवरील लोकांचे अन्न. पुढे बाहेरून येणारा मैदा, डबाबंद पदार्थ, तळलेले अन्न आणि गोड पेये यांचा सुळसुळाट झाला आणि मधुमेह व रक्तदाब हे तेथील घरोघरचे रोग होऊन बसले. २००७ साली त्या देशांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन या रोगांविरुद्ध झटण्याचा निर्धार केला. बार्बाडोसने २०१५ साली गोड पेयांवर १० टक्के कर बसविला आणि २०२२ साली तो २० टक्के केला. आपल्या देशातही २०२० साली असा नियम झाला, की अति तेलकट, अति खारट व अति गोड पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरांच्या आत विकू नयेत.

परंतु नियम फाटकापर्यंतच पोहोचतो. डबा भरताना तो आपल्याजवळ नसतो. आज पुष्कळ मुलांना वर्गात भाकरीचा डबा उघडण्याची लाज वाटते. शेजारच्याने रंगीत पिशवी फोडली, की आपला डबा त्यांना गरिबीचा वाटू लागतो. वास्तविक, ज्या भरडधान्यांची लाज वाटते, त्यांच्याच सन्मानासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने भारताच्या सूचनेवरून २०२३ हे वर्ष जगभर साजरे केले!

सणासुदीला गोडधोड खावे, जत्रेत भेळही खावी. त्यात काही बिघडत नाही. मात्र नैमित्तिक गोष्ट नित्याची होऊ देऊ नये. गूळदेखील साखरेचाच भाऊ आहे, हे उसाच्या गावातील मुलांनी विसरू नये. आजीने खुडलेली भाजी कोणती, माडगे कसे करतात, हे तिला विचारून ठेवावे. कारण जे ज्ञान कोणी विचारीत नाही, ते माणसाबरोबर निघून जाते. पालखीतला वारकरी रोज कित्येक कोस चालतो, तो शिदोरीच्या बळावर. आपल्यालाही आयुष्याची लांबची वाट चालावयाची आहे. ती शिदोरी पारखून बांधली पाहिजे.

स्वाध्याय

१. भाकरी आणि उसळ एकत्र खाण्यात कोणते शहाणपण आहे?
२. पाणी आल्यावर बारामती-इंदापूर भागातील लोकांचे जीवन कसे बदलले? त्यातील चांगले व काळजीचे बदल वेगवेगळे लिहा.
३. ‘जुने ते सर्वच सोने होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : परिपाठ, ददात, सुळसुळाट, नैमित्तिक.
५. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्या लहानपणच्या पाच रानभाज्यांची नावे व त्या करण्याची रीत लिहून आणा.