एक 'ने', भानगडी अनेक!

'ने'. एक अक्षर, एक मात्रा. मराठीत त्याचे उद्योग दोनच. एक तर 'डबा ने रे' असं कुणाला तरी बजावायचं, नाहीतर शब्दाला चिकटायचं : बॉसने, ट्रॅफिकने, पावसाने. शाळेत घोकलेली तृतीया आठवतेय? ने, ए, शी. तीच ती!

पण हाच 'ने' आमच्या एका कॉन्फरन्स कॉलवर भलताच महागात पडला. क्लायंट अथेन्सचा, टेस्टिंगची टीम प्रागची. प्रश्न साधा : डेडलाइन चार दिवस पुढे ढकलायची का? इंग्रजी कितीही फाडा, हो-नाही तोंडातून आपल्याच भाषेत निघतं. क्लायंट म्हणाला, 'ने, ने.' प्रागवाली म्हणाली, 'ने.' टीम लीडने दोन्हीकडे 'नकार' लिहिलं. शनिवार-रविवार ऑफिसात! टीममधल्या एकीने तर स्वतःच्या साखरपुड्याची खरेदी रद्द केली. सोमवारी क्लायंट चकित : 'अहो, मी हो म्हटलं होतं!'

ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे चक्क होकार. नकाराला तिथे 'ओही', आणि शब्दाचाही कंटाळा आला तर मान मागे झटकायची, संपलं. या 'ओही'ची तर सुट्टी असते राव! १९४० साली मुसोलिनीची धमकी ग्रीसने धुडकावली, म्हणून २८ ऑक्टोबर हा 'ओही दिन'. ५ जुलै २०१५ ला कर्जाच्या अटींवर सार्वमत झालं, तेव्हा मतपत्रिकेवर हेच दोन शब्द होते. 'ओही'ला ६१ टक्क्यांहून जास्त मतं पडली, 'ने' हरला.

प्रागवाली मात्र खरंच 'नाही'च म्हणत होती. चेकमध्ये 'ने' म्हणजे नाही. वर गंमत बघा, गप्पांमध्ये तिथे 'नो' म्हटलं की तो बऱ्याचदा होकार!

फ्रेंचांचा 'ने' नकारातला अर्धा तुकडा, बोलताना तोही गिळतात. जपानी लोक वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात, आपल्या 'हो ना?'सारखा. आणि तेवढ्यासाठी जपानपर्यंत कशाला जायचं? बोरिवलीच्या लोकलमध्ये 'आवशो ने?' ऐकलंच असेल की.

पुढच्या महिन्यात सोलची टीम जॉइन होतेय. कोरियनमध्ये 'ने' म्हणजे अदबीचा होकार, 'हो जी'सारखा. लीडने मीटिंगच्या इन्व्हाइटमध्येच ठळक अक्षरांत टाकलंय : हो की नाही ते कृपया टाइप करा.